ट्विल कापड ओळखायचं कसं, वापरायचं कुठे

जुनी जीन्स काढा आणि मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा, कापडावर बारीक तिरप्या रेघा दिसतील, ती रेघ म्हणजेच ट्विल विणीची खूण, छापलेली वगैरे नाही, विणतानाच येते.

कशी येते ते कागदाच्या पट्ट्या घेऊन करून बघा, वाचून डोक्यात शिरत नाही. निळ्या पट्ट्या उभ्या लावा (हा ताणा), पांढऱ्या आडव्या घाला (हा बाणा). साध्या प्लेन कापडात एक वर एक खाली असं चालतं. ट्विलसाठी पांढरी पट्टी 2 निळ्यांवरून न्या, मग 2 च्या खालून, आणि पुढच्या ओळीला हाच हिशोब एका पट्टीने बाजूला सरकवा, प्रत्येक ओळीला त्याच बाजूला हं. चार ओळीत पायऱ्या दिसायला लागतात. हे झालं 2/2. जीन्सचं डेनिम बहुतेक वेळा 3/1 असतं, म्हणजे ताण्याचा धागा 3 बाण्यांवरून जातो आणि एकाच्या खाली जातो, आणि इंडिगोचा रंग फक्त ताण्याला दिलेला असतो, म्हणून जीन्स बाहेरून निळी आणि आतून पांढरट. मागावर प्लेनला 2 फ्रेममध्ये (ताण्याचे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटी) काम भागतं, ट्विलला कमीत कमी 3 लागतात, 3/1 ला 4.

आता फायदा काय, तर धागे एकमेकांत कमी वेळा अडकतात म्हणून जास्त दाटीने बसवता येतात, कापड जाड होतं तरी ताठ पुठ्ठ्यासारखं राहत नाही, अंगावर छान पडतं, चुरगळतंही कमी. फाटतानाही धागे थोडे सरकून एकत्र येतात आणि जोर वाटून घेतात, म्हणून पॅन्ट, युनिफॉर्म, कामाचे कपडे यांना ट्विलच बरं. ड्रिल, चिनो, गॅबर्डीन, सर्ज सगळी याच घरातली. थॉमस बर्बेरीने 1879 मध्ये काढलेलं गॅबर्डीन म्हणजे घट्ट विणलेलं ट्विल, त्यातली रेघ जरा जास्तच उभी असते. हेरिंगबोन नावाच्या ट्विलमध्ये रेघेची दिशा मध्येच उलटते, बस.

उन्हाळ्यातल्या शर्टाला मात्र जाड ट्विल घेऊ नका, दुकानदार काहीही म्हणो. शर्टाला हलकं ट्विल मिळतं, ते हातात धरून उजेडाकडे बघा आणि मगच ठरवा.

शिवायला देणार असाल तर सुती ट्विल आधी धुऊन वाळवा, नंतर आटलं तर टेलरला बोलून उपयोग नाही. सगळे तुकडे एकाच दिशेने कापायला सांगा, नाहीतर एका पायावर रेघ इकडे दुसऱ्यावर तिकडे, आणि उन्हात शेडही वेगळी वाटते. कडा लवकर सुटतात, ओव्हरलॉक (कडेवरून घालायची शिलाई) हवंच. डेनिमला 90 किंवा 100 नंबरची सुई लावा, बारीक सुई मोडते.

धुतल्यावर जीन्सची शिवण पिळून पुढे येते ना, त्यात शिंप्याचीच चूक असते असं नाही, रेघ एकाच बाजूला ओढते. रँग्लर या जीन्स कंपनीने यासाठीच रेघ मध्येच तोडणारं ब्रोकन ट्विल वापरलं. आणि गडद ट्विलला इस्त्री उलट्या बाजूनेच, सरळ बाजूने मारली की गुडघ्यावर चकाकी येते, ती नंतर जाता जात नाही.