महानिर्मितीच्या विजेचा हिशेब कसा वाचावा

वीजनिर्मिती कंपनी कोणकोणत्या स्रोतांतून वीज तयार करते, हे सांगण्यासाठी अहवाल आणि वृत्तपत्रे बहुधा स्थापित क्षमतेचा वर्तुळाकार आलेख छापतात. महाराष्ट्र राज्य वीजनिर्मिती कंपनीचा, म्हणजेच महानिर्मितीचा, असा आलेख पाहिला तर सुमारे १३,००० मेगावॅटपैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास कोळसा, पाचवा हिस्सा जलविद्युत आणि उरलेल्या भागात उरणचा वायू व सौर प्रकल्प असे चित्र दिसते. हे चित्र खोटे नाही. मात्र वर्षभरात त्या स्रोतांतून किती वीज आली, ती दिवसाच्या कोणत्या वेळी आली आणि किती खर्चात आली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. विद्यार्थी, पत्रकार किंवा वीजदराच्या सुनावणीत हरकत नोंदवू इच्छिणारा ग्राहक यांनी हा हिशेब कोणत्या क्रमाने तपासावा, ते पुढे मांडले आहे. उदाहरण महानिर्मितीचे असले तरी पद्धत कोणत्याही वीज कंपनीला लागू पडते.

प्रथम मेगावॅट आणि युनिट वेगळे करावेत

मेगावॅट ही यंत्राची ताकद आहे आणि युनिट हे त्या यंत्राने केलेले काम आहे. एक मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने एक तास चालला तर १,००० युनिट तयार होतात, आणि वर्षाचे ८,७६० तास अखंड चालला तर ८७.६ लाख युनिट. प्रत्यक्षात कोणताही संच असा चालत नाही. तो या कमाल मर्यादेच्या किती टक्के चालला, ते सांगणाऱ्या आकड्याला भारांक म्हणतात, आणि अहवाल हाती येताच सर्वप्रथम स्रोतनिहाय भारांक शोधावा.

पडताळणीसाठी सोपा हिशेब करून पाहावा. कोळशाची क्षमता ९,५०० मेगावॅट आणि भारांक ६० टक्के धरला तर वर्षाला सुमारे ५,००० कोटी युनिट होतात. जलविद्युतची क्षमता २,५८० मेगावॅट आणि भारांक १७ टक्के धरला तर सुमारे ३८४ कोटी युनिट होतात. म्हणजे क्षमतेच्या आलेखात पाचवा हिस्सा व्यापणारे जलविद्युत युनिटांच्या हिशेबात सात टक्क्यांच्या आसपास येते. सौर विजेचेही असेच आहे. धुळे जिल्ह्यातील साक्रीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प १९ टक्के भारांकाने चालला तर वर्षाला वीस कोटींहून थोडे अधिक युनिट देईल, तर तेवढ्याच क्षमतेचा औष्णिक संच ७० टक्के भारांकाने त्याच्या साडेतीन पटींहून अधिक वीज देईल. त्यामुळे ‘सौर क्षमता दुप्पट झाली’ अशा मथळ्यापुढे युनिटांचा आकडा नसेल तर त्या मथळ्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

कोळसा : उपलब्धता आणि भारांक शेजारी ठेवावेत

महानिर्मितीची औष्णिक केंद्रे सात आहेत : चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, नाशिक आणि पारस. त्यांत २,९२० मेगावॅटचे चंद्रपूर सर्वांत मोठे आहे. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन सुपरक्रिटिकल, म्हणजे अधिक दाबाच्या व तापमानाच्या वाफेवर चालणारे आणि युनिटामागे कमी कोळसा घेणारे, संच आहेत आणि भुसावळलाही त्याच आकाराचा नवा संच उभारण्यात आला आहे, तर नाशिकचे संच २१० मेगावॅटचे आणि जुन्या पिढीचे आहेत. औष्णिक वीज म्हणून या सर्वांची एकच बेरीज छापली जाते, परंतु त्यांची परिस्थिती इतकी भिन्न आहे की केंद्रनिहाय तक्ता पाहिल्याशिवाय त्या बेरजेला फारसा अर्थ राहत नाही.

येथे उपलब्धता आणि भारांक हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत. उपलब्धता म्हणजे संच वीज देण्यास किती काळ व किती प्रमाणात सज्ज होता. भारांक म्हणजे त्याने प्रत्यक्षात किती वीज दिली. उपलब्धताच घसरलेली असेल तर कारण केंद्राच्या आत किंवा कोळशाच्या पुरवठ्यात असते : बॉयलर ट्यूबची गळती, वार्षिक देखभाल, ओला किंवा अपुरा कोळसा. उपलब्धता चांगली आणि भारांक मात्र कमी असेल, तर संच तयार असूनही त्याची वीज घेतली गेली नाही, आणि बहुतेक वेळा ती महाग होती म्हणून घेतली गेली नाही. हे दोन्ही प्रकार ‘कमी निर्मिती’ या एकाच नावाखाली खपवले जातात. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र त्यांत मोठा फरक आहे, कारण औष्णिक केंद्राचा दर दोन भागांत ठरतो. स्थिर खर्च उपलब्धतेवर मिळतो आणि त्यासाठी वीजदर ठरवणाऱ्या नियामक आयोगाचे प्रमाण साधारणतः ८५ टक्क्यांचे असते. इंधनाचा खर्च प्रत्यक्ष दिलेल्या युनिटांवर मिळतो. म्हणजे सज्ज राहून बंद ठेवलेल्या संचाचा स्थिर खर्चही अखेर वीजदरातूनच भरला जातो.

कोणत्या संचाची वीज आधी घ्यायची, हे मेरिट ऑर्डरने ठरते. ज्याचा प्रतियुनिट बदलता खर्च सर्वांत कमी तो संच यादीत वर, आणि जो महाग तो खाली. ऐरोली येथील राज्य भार प्रेषण केंद्र या यादीनुसार संचांना भार वाढवण्याच्या किंवा उतरवण्याच्या सूचना देते. चंद्रपूर आणि खापरखेडा ही केंद्रे विदर्भातील कोळसा खाणींच्या जवळ आहेत. परळी आणि नाशिक दूर आहेत, आणि त्यांच्या कोळशावर रेल्वेवाहतुकीचा खर्च चढतो. त्यामुळे मागणी उतरली की सर्वप्रथम दूरच्या केंद्रांचे संच मागे घेतले जातात. महिन्याची मेरिट ऑर्डर यादी आणि त्या महिन्याचा केंद्रनिहाय भारांक एकत्र ठेवले की एखादे केंद्र का थांबले याचे उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळते.

कोळशाचे प्रमाण स्वतः काढून पाहावे, कारण ‘साठा इतक्या लाख टन’ ही बातमी त्याशिवाय समजत नाही. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण भाराने दिवसभर चालला तर १.२ कोटी युनिट तयार होतात. एका युनिटाला साधारण २,४०० किलोकॅलरी उष्णता लागते आणि देशी कोळशातून किलोमागे सुमारे ३,६०० किलोकॅलरी मिळते असे धरले, तर युनिटामागे ६७० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दिवसाला आठ हजार टन कोळसा लागतो. मालगाडीच्या एका रेकमध्ये, म्हणजे वाघिणींच्या एका पूर्ण गाडीत, चार हजार टनांच्या आसपास कोळसा येतो, म्हणजे एका संचासाठी रोज दोन रेक. कोळशाची उष्णता ३,२०० पर्यंत घसरली तर तेवढ्याच विजेसाठी दिवसाला सुमारे हजार टन कोळसा अधिक लागेल. त्यामुळे टनांचा आकडा प्रतवारीशिवाय वाचू नये. केंद्रीय विद्युत प्राधिकरण प्रत्येक केंद्राचा साठा रोज प्रसिद्ध करते आणि तो किती दिवस पुरेल तेही सांगते. टनांपेक्षा हा दिवसांचा आकडा अधिक विश्वासार्ह मानावा.

कोळशाइतकेच पाणीही आवश्यक असते, ही गोष्ट मराठवाड्याबाहेर पुष्कळदा विसरली जाते. २०१५ च्या दुष्काळात परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. कोराडीसाठी नागपूर शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरण्याची व्यवस्था करण्यात आली, ती याच अडचणीवरचा मार्ग म्हणून. एखाद्या केंद्राचे भवितव्य अभ्यासताना त्याचा पाण्याचा स्रोत कोणता, हा प्रश्न कोळशाच्या करारांइतकाच अग्रक्रमाने विचारावा.

कोयना : पाण्याच्या मर्यादेवरून उलटा हिशेब

महानिर्मितीच्या जलविद्युतमध्ये कोयनेचे वजन इतके मोठे आहे की बाकीचे प्रकल्प थोडक्यात आटोपले तरी चालते. १९६२ पासून वीज देणाऱ्या या प्रकल्पाची क्षमता आज १,९६० मेगावॅट आहे : पोफळीच्या भूमिगत वीजगृहातील पहिला व दुसरा टप्पा मिळून ६००, कोळकेवाडी धरणावरील तिसरा टप्पा ३२०, चौथा टप्पा १,००० आणि धरणाच्या पायथ्याचे वीजगृह ४०. एवढी क्षमता असताना भारांक इतका कमी का, असा प्रश्न नवख्या वाचकाला पडतो, आणि पुष्कळदा त्याचे खापर कंपनीच्या कारभारावर फोडले जाते. खरे कारण पाणीवाटपात आहे. कृष्णा खोऱ्यातील पाणी पश्चिमेकडे कोकणात वळवण्यावर, कृष्णेच्या पाण्याचे राज्यांत वाटप करणाऱ्या बच्छावत लवादाने जलवर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातलेली आहे, आणि जलवर्ष १ जूनला सुरू होऊन ३१ मे रोजी संपते.

या मर्यादेवरून हिशेब उलटा करून पाहावा. ६७.५ अब्ज घनफूट म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर. एक घनमीटर पाणी सुमारे ४७५ मीटर खाली आले तर तत्त्वतः १.२९ युनिट वीज मिळते. बोगद्यांतील आणि यंत्रांतील घट वजा जाता १.१ ते १.१५ युनिट धरावेत. म्हणजे वर्षाला २१५ कोटी युनिटांच्या आसपास. पहिला, दुसरा आणि चौथा टप्पा मिळून १,६०० मेगावॅट वर्षभर अखंड चालले असते तर १,४०० कोटी युनिट झाले असते. भारांक १५ टक्के, किंवा रोजचे सरासरी पावणेचार तास. वरच्या टप्प्यांतून बाहेर पडलेले पाणी कोळकेवाडीला अडवून तिसरा टप्पा चालतो आणि पूर्वेकडे सिंचनासाठी सोडलेल्या पाण्यावर पायथ्याचे वीजगृह चालते. त्यांची भर वेगळी धरावी.

हे पावणेचार तास कोणते, यातच कोयनेचे मोल आहे. औष्णिक संच थंड अवस्थेतून चालू करण्यास कित्येक तास लागतात. कोयनेचे जनित्र काही मिनिटांत भार उचलते. म्हणून सकाळी आणि विशेषतः सायंकाळी मागणी चढते तेव्हा कोयना चालवली जाते, आणि इतर वेळी पाणी राखून ठेवले जाते. कोयनेला कमी भारांकाबद्दल दोष देणे हे अग्निशमन दलाच्या गाड्या दिवसभर उभ्या असतात म्हणून तक्रार करण्यासारखे आहे. उन्हाळ्यात बातम्या वाचताना मात्र धरणातील साठ्यासोबत ६७.५ पैकी किती कोटा उरला आहे तेही पाहावे. धरणात पाणी दिसत असूनही वीजनिर्मिती आखडती घ्यावी लागण्याचा प्रसंग येऊ शकतो.

घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प जलविद्युतच्या रकान्यात मिळवला जातो, तेथे विशेष सावध राहावे. अकोले तालुक्यातील वरच्या जलाशयातून शहापूर तालुक्यातील खालच्या जलाशयात पाणी सोडून वीज तयार होते, परंतु तेच पाणी पुन्हा वर चढवण्यास निर्माण झालेल्या विजेपेक्षा अधिक वीज लागते. हा प्रकल्प स्रोत नसून साठवण आहे. त्याचे युनिट मोजताना पंपांनी घेतलेले युनिट वजा केलेले आहेत की नाही, ते तळटीपेत तपासावे. सौर वीज वाढू लागल्यापासून, पूर्वी रात्रीच्या स्वस्त विजेवर होणारे पाणी चढवण्याचे काम दुपारी करणे अधिक सोयीचे ठरू लागले आहे.

वायू, सौर आणि दिवसाची वेळ

उरणच्या केंद्राची क्षमता ६७२ मेगावॅट आहे. त्यांपैकी ४३२ मेगावॅट वायू टर्बाइनची आणि २४० मेगावॅट त्यांच्या तप्त धुरापासून वाफ करून चालणाऱ्या संचांची. वायूचा पुरवठा क्षमतेच्या मानाने अपुरा असल्यामुळे हे केंद्र पूर्ण भाराने चालत नाही. त्याच्या आकड्यांपुढे वायू किती मिळाला, एवढे पाहिले तरी पुरे.

सौर विजेचा परिणाम मात्र तिच्या युनिटांपेक्षा मोठा आहे, कारण ती दुपारी एकदम येते आणि सायंकाळी एकदम जाते. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे शेतीची मागणीही दिवसा सरकत आहे. दुपारी औष्णिक संचांना भार उतरवावा लागतो, परंतु साधारणतः ५५ टक्क्यांच्या खाली नेणे त्यांना अवघड जाते. म्हणजे ५०० मेगावॅटचा संच २७५ मेगावॅटवर येऊन थांबतो. त्याखाली जायचे तर तो बंदच करावा लागतो, आणि सायंकाळी तो हवाच असतो. म्हणून सौर क्षमता वाढली तेवढा कोळसा कमी झाला असे गृहीत धरू नये; भार प्रेषण केंद्राच्या नोंदींतून एखाद्या दिवसाचे दुपारी १ आणि सायंकाळी ७ या दोन वेळांचे आकडे काढून स्रोतनिहाय तुलना करावी. वार्षिक अहवालातून जे कळत नाही ते या दोन ओळींतून कळते.

शेवटच्या तपासण्या

जनित्रावर मोजलेली वीज आणि केंद्राबाहेर पाठवलेली वीज एकच नसते. औष्णिक केंद्राचे पंखे, पंप आणि कोळसा दळणाऱ्या गिरण्या स्वतःच्याच विजेपैकी साधारण सहा ते नऊ टक्के वीज वापरतात. जलविद्युतमध्ये हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असते. एका तक्त्यातील ढोबळ (जनित्रावरचा) आणि दुसऱ्या तक्त्यातील निव्वळ (बाहेर पाठवलेला) आकडा घेऊन वाटा काढल्यास तो चुकतो.

दुसरे असे की महानिर्मितीचे मिश्रण म्हणजे घरी येणाऱ्या विजेचे मिश्रण नव्हे. घरोघरी वीज पोहोचवणारी राज्याची वितरण कंपनी महावितरण ही महानिर्मितीखेरीज केंद्र सरकारची वीजनिर्मिती कंपनी एनटीपीसी, तारापूरसारखे अणुऊर्जा प्रकल्प, तिरोडा येथील खासगी औष्णिक केंद्र आणि पवनऊर्जा उत्पादक यांच्याकडूनही वीज घेते, तर मुंबई शहरातील पुरवठ्याची व्यवस्था आणखी वेगळी आहे. घरच्या विजेचे मिश्रण हवे असेल तर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दरनिश्चिती आदेशातील वीजखरेदीचा तक्ता उघडावा. त्यात प्रत्येक केंद्रापुढे युनिट, स्थिर खर्च आणि बदलता खर्च स्वतंत्र दिलेले असतात. या तक्त्यात गृहीत धरलेला इंधनखर्च आणि प्रत्यक्ष खर्च यांतील तफावत पुढे देयकात इंधन समायोजन आकार म्हणून येते. ती त्याच महिन्याच्या वापराची नसून काही महिने आधीच्या खर्चाची असते, त्यामुळे पावसाळ्यातील देयकावरचा हा आकार तपासताना उन्हाळ्यातील कोळशाचे आणि बाहेरून घेतलेल्या विजेचे आकडे समोर ठेवावेत.