सेस्ना 172 एस सुरू करताना

या छोट्या विमानाच्या किल्लीला हात लावायच्या आधी मान वळव. डावीकडे, समोर, उजवीकडे. शिकत असताना मी एकदा न बघताच ‘क्लिअर प्रॉप’ (पंख्यापासून दूर व्हा) असं ओरडले होते, आणि पंखाखालून इंधन तपासणारा मुलगा बाहेर आला. त्याचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. म्हणून आधी बघ, मग ओरड, मग क्षणभर थांब.

ब्रेक दाबलेले, मास्टर स्विच (विमानाची वीज) चालू, लाल बीकन (इशाऱ्याचा दिवा) चालू. थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा नॉब) पाव इंच पुढे. इंजिन थंड असेल तर इंधनपंप लाव, मिक्स्चर (इंधन आणि हवेचं प्रमाण ठरवणारा नॉब) पूर्ण पुढे ढकल. इंधनाच्या प्रवाहाचा काटा स्थिर होईपर्यंत थांब, साधारण तीन ते पाच सेकंद; मग मिक्स्चर पूर्ण मागे, पंप बंद. आता किल्ली फिरव. इंजिनानं पेट घेतला की किल्ली सोड आणि मिक्स्चर हळुवार पुढे ने. इथे घाई केलीस तर इंजिन गचके खाऊन बंद पडतं.

लगेच ऑइलच्या दाबाकडे बघ. 30 सेकंदांत काटा हिरव्या पट्ट्यात आला नाही तर इंजिन बंद कर. ‘येईल जरा वेळानं’ म्हणत वाट बघायची नाही.

नुकतंच उतरलेलं, तापलेलं इंजिन असेल तर आधी इंधन पाजू नकोस. चुकून जास्त गेलंच, तर मिक्स्चर मागेच ठेव, थ्रॉटल अर्धा उघड आणि स्टार्टर मार. इंजिन पेटताच मिक्स्चर पुढे, थ्रॉटल मागे. स्टार्टर मात्र एका वेळी दहा सेकंदच. मग वीस सेकंद त्याला थंड होऊ दे.