हिवाळ्यात बोटीच्या समोरच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून

डिसेंबर-जानेवारीत बामणोली, तापोळा किंवा मुनावळे येथून भल्या सकाळी बोट सोडायची म्हणजे चालकाच्या एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात फडके, हे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर नेहमीचेच आहे. पुसलेली काच दोन-चार मिनिटांत पुन्हा धूसर होते, चालक पुन्हा पुसतो, आणि वासोटा किल्ल्याच्या पायथ्यापर्यंतचा तासा-दीड तासाचा प्रवास असाच पार पडतो. पुसल्याने काचेवर साचलेले पाणी तेवढे निघते, ते साचण्याचे कारण मात्र जागच्या जागी राहते. हे कारण बहुतेक वेळा बोटीच्या आतच असते, आणि ते दूर करायला फवाऱ्याच्या महागड्या बाटलीपेक्षा कोरडी बोट व खेळती हवा यांचा उपयोग कितीतरी अधिक होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

हवा जितकी गार, तितके तिच्यात बाष्प कमी मावते. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प राहू शकते, तर १० अंशाला जेमतेम साडेनऊ ग्रॅम. त्यामुळे उबदार, दमट हवा गार काचेला टेकली की तिच्यात न मावणारे बाष्प काचेवर बारीक थेंबांच्या रूपाने उतरते. ज्या तापमानाला हे उतरणे सुरू होते त्याला दवबिंदू म्हणतात. काचेचे तापमान दवबिंदूच्या वर ठेवावे किंवा आतल्या हवेतील बाष्प घटवून दवबिंदूच खाली आणावा, एवढे दोनच मार्ग आपल्याकडे आहेत. पुढे सांगितलेले जवळजवळ सगळे उपाय या दोहोंपैकी एकात बसतात. साबणाचा हात तेवढा वेगळा, कारण तो पाणी अडवत नाही, पसरवतो.

कोयनेच्या खोऱ्यात ही अडचण विशेष जाणवते, त्याला कारण आहे. सुमारे १०५ टीएमसी पाणी मावणारा हा जलाशय हवेइतक्या झपाट्याने गार होत नाही. रात्री डोंगरउतारांवरून थंड हवा दरीत उतरते आणि तुलनेने उबदार पाण्यावर पसरते, तेव्हा पाण्यातून निघणाऱ्या बाष्पाचे तिथेच बारीक थेंब होऊन पृष्ठभागावर धुक्याचा थर धरतो. म्हणजे सकाळच्या बोटीला बाहेरून धुके आणि आतून माणसांचे श्वास, अशी दोन्हीकडून ओल मिळते.

म्हणून सर्वांत आधी ओल कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. आतल्या बाजूने काचेच्या कोपऱ्यात बोटाने एक छोटी रेघ ओढावी. रेघेतून पलीकडचे लख्ख दिसले तर वाफ आत आहे. बोट ओले होऊनही रेघेपलीकडे धूसरच राहिले तर बाहेरही दव आहे. रेघ कोपऱ्यातच ओढावी, कारण बोटाचा तेलकटपणा काचेवर राहतो आणि पुढच्या वेळी वाफ त्या रेघेत वेगळ्याच तऱ्हेने धरते. तळहाताने काच पुसणाऱ्यांच्या बोटीत उन्हाच्या तिरिपीत हे नीट दिसते: समोर बोटांच्या ठशांचा पंखा उमटलेला असतो आणि वाफ सर्वांत आधी त्याच्याच कडांनी चढते.

काच खरोखरच काच आहे की अ‍ॅक्रिलिक, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक, हेही याच वेळी तपासावे. स्पीडबोटींच्या वक्राकार विंडशील्ड पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकच्या किंवा पॉलिकार्बोनेटच्या असतात. नखाने टिचकी मारली असता काच खणखणीत वाजते व हाताला गार लागते. अ‍ॅक्रिलिकचा आवाज बोदा येतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव, स्पिरिट, थिनर किंवा पेट्रोल लावल्यास अ‍ॅक्रिलिकवर केसासारख्या चिरांचे जाळे पडते आणि ते पुन्हा जात नाही. घरातल्या काचेसाठी उत्तम असलेला ओल्या वर्तमानपत्राचा बोळासुद्धा इथे ओरखडे पाडतो. अ‍ॅक्रिलिकला आधी भरपूर स्वच्छ पाण्याने धूळ वाहू द्यावी, मग सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ मायक्रोफायबरचे फडके वापरावे. खांद्यावरचा गमछा कितीही मऊ वाटला तरी त्यात वाटेवरची धूळ अडकलेली असते.

आता आतल्या ओलीकडे वळू. शांत बसलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. बारा जण बसलेल्या बोटीत बाजूचे प्लास्टिकचे पडदे थंडीमुळे खाली सोडले की तासाभरात अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी त्या कोंदट जागेत मिसळते. त्यात आदल्या दिवशीची ओली लाइफ जॅकेट, भिजलेले दोर, पायपुसणी आणि फळ्यांखाली साचलेले पाणी यांची भर पडते. लाइफ जॅकेटमधील फोम पाणी शोषत नाही, पण वरचे कापड व पट्टे शोषतात आणि ढिगात ठेवलेली जॅकेटे आठवडाभर दमट राहतात. ती संध्याकाळी दोरीवर एकेक सुटी टांगावीत. तळातले पाणी पंपाने काढल्यावर जे बोटभर उरते तेही स्पंजने टिपून घ्यावे, कारण पंप ते उचलू शकत नाही.

यानंतर हवा. बाहेर धुके असताना झडप उघडली तर आणखी ओल आत येईल, अशी समजूत जवळपास सगळीकडे आढळते, आणि ती चुकीची आहे. बाहेरची १२ अंशाची हवा पूर्ण ओलसर असली तरी तिच्यात घनमीटरला पावणेअकरा ग्रॅमच्या आसपासच बाष्प असते. तीच हवा आत येऊन १८ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मावू शकणाऱ्या बाष्पाच्या तुलनेत असलेले बाष्प, ७० टक्क्यांच्या आसपास येते. याउलट आत कोंडलेल्या २० अंशाच्या, ८० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू १६ अंशांच्या वर असतो, आणि समोरची काच बाहेरच्या वाऱ्याने १३-१४ अंशांवर आलेली असते. म्हणजे धुक्यातली हवासुद्धा आतल्या हवेपेक्षा कोरडीच ठरते. प्रवासी थोडे कुडकुडतील. त्यांना शाली पांघरायला सांगावे, पडदे पूर्ण लावू नयेत.

उघडायचे ते कुठून, हा प्रश्न मात्र जिवाशी गाठ असलेला आहे. पुढे जाणाऱ्या बोटीच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि केवळ मागची बाजू उघडी ठेवल्यास इंजिनाचा धूर त्या भोवऱ्यातून आत ओढला जातो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. म्हणून आधी पुढचे झडप किंवा विंडशील्डचा मधला उघडणारा भाग फटीएवढा सोडावा, म्हणजे हवा पुढून शिरून मागे वाहील, आणि त्यानंतरच मागची वाट मोकळी करावी. थंडी घालवण्यासाठी बंद बोटीत शेगडी किंवा गॅस पेटवण्याचा विचारही करू नये. धोका तर आहेच, शिवाय एक किलो एलपीजी जळताना दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते, म्हणजे ज्यासाठी शेगडी पेटवली ती काच पहिल्यापेक्षा जास्त धुरकटते.

एवढे करूनही काच धूसर राहत असेल तर तिच्या तळाशी १२ व्होल्टचा छोटा पंखा, वर तोंड करून, बसवावा. तो वीज अगदी थोडी घेतो आणि काचेलगतची दमट हवा सतत हलती ठेवतो. पुष्कळदा तेवढ्यावर भागते. गरम हवेचा डिफ्रॉस्टर हवा असेल तर हिशेब आधी करावा: १५० वॅटचा हीटर १२ व्होल्टवर साडेबारा अँपिअर घेतो. त्याला स्वतंत्र फ्यूज, पुरेशी जाड वायर आणि चालू इंजिन हवे. इंजिन बंद असताना तो लावून ठेवला तर परतीच्या वेळी स्टार्टरला बॅटरी उरणार नाही. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचे बाजारू हीटर मला तरी पसंत नाहीत, त्यांची हवा काचेपर्यंत पोचेतो कोमट होते. बोटीत आतच बसवलेले, पाण्याने थंड होणारे डिझेल इंजिन असेल तर मोटारीप्रमाणे त्याच्या गरम पाण्यावर चालणारा हीटर जोडणे सर्वांत किफायतशीर, कारण ती उष्णता एरवी वायाच जाते. पेट्रोलच्या बोटीत आणखी एक पथ्य आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते व तळाशी साचते, तेव्हा टाकीजवळ किंवा इंजिनाच्या कप्प्यात ठिणगी उडवणारा साधा मोटारीतला पंखा बसवू नये.

आता लेपाविषयी. साबण पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, त्यामुळे वाफेचे सुटे थेंब न बनता पाण्याचा पातळ, सलग पापुद्रा बनतो आणि त्यातून आरपार दिसते. काच स्वच्छ व पूर्ण कोरडी करून लहान मुलांच्या शाम्पूचे किंवा भांड्यांच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब कोरड्या मऊ फडक्यावर घ्यावेत, आतल्या बाजूने सगळीकडे चोळून वाळू द्यावेत, आणि पांढुरकी साय दिसू लागली की दुसऱ्या कोरड्या फडक्याने ती दिसेनाशी होईपर्यंत घासावे. पाण्याने धुऊ नये, नाहीतर लेपच निघून जाईल. घरी रिठे असतील तर दोन टरफले रात्रभर अर्ध्या कप पाण्यात भिजवून ते पाणी दोनदा गाळून वापरता येते. रिठ्यातील सॅपोनिन हेच काम करते, फक्त गाळण्यात कसूर झाली तर कण काचेवर दिसतात. असा लेप जेमतेम दिवसभर टिकतो, तेव्हा तो रोजच्या तयारीत धरावा. हेल्मेटच्या काचेला लावतात तशी वाफरोधक फिल्म अधिक काळ चालते. सिलिकॉनचे चकाकी देणारे पॉलिश मात्र आतून कधीही लावू नये, कारण त्याने पाणी थेंबाथेंबांनी गोळा होते, म्हणजे नको तेच घडते. पावसात वायपर बंद पडला की ट्रकचालक काचेवर तंबाखू चोळतात, तो तोडगा खऱ्या काचेवर बाहेरून वेळ निभावतो. अ‍ॅक्रिलिकवर तो करू नये.

बाहेरचे दव हा निराळा प्रकार आहे. निरभ्र रात्री काच, पत्रा, फायबर हे सगळे आपली उष्णता आकाशाकडे फेकतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश गार होतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवाचे थेंब गोठून हिमकण झाल्याच्या बातम्या जवळजवळ दर हिवाळ्यात येतात, आणि त्या वेळी नोंदलेले हवेचे तापमान पुष्कळदा शून्याच्या वरच असते, त्याचे कारण हेच. तिथल्या वल्ह्यांच्या होड्यांना विंडशील्ड नसते, म्हणून त्यांचे फक्त बाक पुसले की झाले. ज्यांना विंडशील्ड आहे त्यांनी रात्री तिच्यावर कापडी आच्छादन घालावे. काच आणि आकाश यांच्यामध्ये काहीतरी आले की काच तितकी गार होत नाही आणि दव आच्छादनावर पडते.

सकाळी दव पडलेच असेल तर रबरी पट्टीने वरून खाली एकेक सरळ पट्टा ओढावा, प्रत्येक पट्ट्यानंतर रबर पुसावे आणि कडांना उरलेले पाणी फडक्याने टिपावे. कोरड्या काचेवर वायपर चालवू नये. गार काचेवर कढत पाणी ओतल्यास ती तडकू शकते. कोमट पाण्याने दव जाते, पण काच निवताच परत येते. बाहेरच्या बाजूला पाणी निथळवणारा लेप चालतो, कारण तिथे वारा थेंब पळवतो. अ‍ॅक्रिलिकसाठी तो योग्य आहे का, हे बाटलीवर वाचून घ्यावे.

वाटेत काच अचानक धूसर झाली तर आधी वेग कमी करावा, मग पुसण्याला हात घालावा. विंडशील्डवरून किंवा बाजूने डोके बाहेर काढून पाहावे आणि एका जाणत्या माणसाला पुढे बसवावे. मासेमारीच्या जाळ्यांचे तरंगते डबे पाण्याच्या पातळीलाच असतात आणि धुक्यात ते अगदी जवळ आल्यावरच दिसतात. समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत, दिसेनासे झाले असता चालत्या यांत्रिक बोटीने दर दोन मिनिटांच्या आत चार ते सहा सेकंदांचा एक लांब भोंगा द्यावा, असे सांगितले आहे. हे नियम समुद्र आणि त्याला जोडलेल्या पाण्यासाठी असले तरी जलाशयावर तीच पद्धत ठेवण्यात तोटा काहीच नाही. ऊन डोंगर ओलांडून दरीत उतरले की हे धुके आपोआप विरते, तेव्हा तासभर उशिरा निघता येत असेल तर तसेच करावे. वासोट्याला जाणाऱ्यांची गड चढून उजेडात परतण्याची घाई समजण्यासारखी असते, पण तो वेळ गडावर थांबण्याच्या वेळेतून काढता येतो.

संध्याकाळी बोट धक्क्याला लागल्यावर आच्छादन घालताना ते चारी बाजूंनी घट्ट आवळू नये. प्लास्टिकची ताडपत्री हवाबंद केली तर आतली ओल रात्रभर कोंडून राहते आणि सकाळी काच आतून वाहत असते. पुढे आणि मागे वीतभर फट ठेवावी, आणि ताडपत्री काचेला चिकटू नये म्हणून मध्ये एखादी काठी आडवी टाकावी. बोट चार-आठ दिवस उभी राहणार असेल तर ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे बंद कप्प्यांत ठेवतात. ते भरत आले की खारे पाणी सांडते आणि तांब्याच्या वायरी हिरव्या पडतात, म्हणून डबा वायरिंगपासून दूर, पसरट भांड्यात ठेवावा आणि बोट सोडण्यापूर्वी रिकामा करून घ्यावा.