नेव्हीच्या हार्बर टगची कुंडली कशी काढायची

मोऱ्यावरनं भाऊच्या धक्क्याची लाँच पकडली की वाटेत टग, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या दणकट बोटी, दिसतातच, आणि उरण-बेलापूरकडची बरीच पोरं विचारतात की एखाद्या नेव्हीच्या टगची पूर्ण सर्व्हिस कशी शोधायची. तर पहिलं म्हणजे नावाच्या मागे लागू नका. नाव बदलतं, नेव्हीचा नंबर बदलतो, मालक बदलतो, हल म्हणजे बोटीचा सांगाडा तोच राहतो, म्हणून सुरुवात यार्ड नंबरपासून करा, म्हणजे जिथे बांधली त्या शिपयार्डाने दिलेला नंबर. आपल्या हार्बर टग यार्डक्राफ्टमध्ये, म्हणजे बंदरातल्या कामाच्या बोटींत मोडतात, त्यांना आयएनएस लागत नाही, त्यामुळे आयएनएस टाकून सर्च केलं तर हाताला काही लागणार नाही. त्यापेक्षा "25 टन बोलार्ड पुल टग" असं टाका (बोलार्ड पुल म्हणजे टगची ओढायची ताकद), संरक्षण खात्याच्या प्रेसनोटा निघतात, त्यात शिपयार्डाचं नाव असतं.

नोंद कशी ठेवायची ते अमेरिकन नेव्हीच्या 'होगा' या टगवरून शिका. 1940 च्या 31 डिसेंबरला पाण्यात उतरवली, नंबर वायटी-146, वायटी म्हणजे यार्ड टग. 7 डिसेंबर 1941 ला पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला झाला तेव्हा पेटलेल्या ॲरिझोना युद्धनौकेजवळनं व्हेस्टल हे दुरुस्तीचं जहाज ओढून काढलं, बुडायला आलेल्या नेव्हाडा युद्धनौकेला ढकलून बंदराचा चॅनेल मोकळा ठेवला, मग आगी विझवत बसली. 1944 ला वायटीबी, म्हणजे मोठी हार्बर टग झाली, 1948 पासून ओकलंडमध्ये फायरबोट म्हणजे आग विझवणारी बोट, नाव वेगळंच, 1994 ला परत नेव्हीकडे आणि 2015 ला आर्कान्सासच्या म्युझियममध्ये. नुसतं 'होगा' शोधणाऱ्याला मधली चाळीसेक वर्षं सापडतच नाहीत! म्हणून दर ओळीला तारीख, काय झालं, आणि कुठून कळलं हे तिन्ही लिहा, रिकामी जागा रिकामीच सोडा.

आपल्याकडे खरा खजिना म्हणजे डॉकयार्डातनं रिटायर झालेले काका लोक. त्यांना साल विचारू नका, साल कुणाच्याच लक्षात राहत नाही. "काका, तेव्हा विक्रांत होती का, विराट आली होती का?" असं या दोन विमानवाहू नौकांबद्दल विचारा. दोन्ही होत्या म्हणाले तर काळ 1987 ते 97 मधला, कारण विराट 87 ला आली आणि जुनी विक्रांत 97 ला निवृत्त झाली. ही माणसं आहेत तोवर जाऊन बसा त्यांच्यापाशी, टगवर राबलेल्यांचं कुणीच लिहून ठेवलेलं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

शेवटचा टप्पा लिलावाचा. मोडीत काढलेल्या बोटी एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात जातात, तिथल्या लॉटच्या वर्णनावर नजर ठेवा. मुंबईत तोडायची जागा दारूखाना, जुनी विक्रांतही 2014 ला तिथेच तोडायला घेतली. तिथे टग सापडली तर आधी बो म्हणजे बोटीचं नाक नीट बघा, नावाची अक्षरं बऱ्याचदा वेल्डिंगने उठवलेली असतात, वर कितीही रंग मारला तरी तिरप्या उन्हात जुनं नाव वाचता येतं. मग बांधणाऱ्या शिपयार्डाची पाटी शोधा. फोटो मात्र मालकाला विचारूनच, आणि नेव्हीच्या जेट्टीकडे कॅमेरा अजिबात धरू नका, सरळ पोलिस केस होते.