काउंटी फेअरच्या मैदानात जुनी नाणी कशी शोधावीत

आपल्याकडची जत्रा आणि कृषी प्रदर्शन एकाच मैदानात भरवलं की जे होईल, ते अमेरिकेतलं काउंटी फेअर. गाई-डुकरांच्या स्पर्धा, आकाशपाळणे, घोड्यांच्या शर्यती आणि तळता येईल ते सगळं तळून विकणाऱ्या गाड्या. १८११ मध्ये एल्काना वॉटसनने मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डला बर्कशायरची कृषी संस्था उभी केली, तिथून ही रीत देशभर गेली. मी राहतो त्या ओहायोत ८८ काउंट्या आहेत आणि यातली कित्येक मैदानं शंभरी ओलांडलेली आहेत. शंभर वर्षं लोक तिथे येतात, खिशातून चिल्लर काढतात आणि त्यातली थोडी गवतात सांडून घरी जातात. ती सांडलेली चिल्लर मेटल डिटेक्टरने शोधायची कशी, ते सांगतो.

आधी परवानगी, मग बॅटरी

मैदान मोकळं दिसतं म्हणून कोणाचंच नाही असं नसतं. कुठे ते काउंटीचं असतं, कुठे फेअर भरवणाऱ्या कृषी संस्थेचं. त्यांच्या ऑफिसात स्वतः जा. फोनवर 'मेटल डिटेक्टर' म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे खड्डेच खड्डे येतात. तुम्ही खुरपं दाखवलंत, खड्डा कसा बुजवता ते सांगितलंत, किल्ली किंवा नाव कोरलेली अंगठी सापडली तर आणून देईन म्हणालात, की सूर बदलतो. होकार मिळाला तर दोन ओळी लिहून घ्या आणि तो कागद गाडीत ठेवा. कुंपणाबाहेरून कोणी पोलिसांना फोन केला तर बोलण्यापेक्षा कागद कामी येतो.

त्याच भेटीत जमिनीखालच्या वायरी कुठून गेल्यात तेही विचारा. स्टॉलना आणि कॅम्पर गाड्यांना वीज देणाऱ्या केबल काही ठिकाणी फारच वर असतात.

एका मैदानाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही. नॅशनल पार्कमध्ये तर डिटेक्टर वापरणं बेकायदाच आहे. आणि सुट्टीत यंत्र बॅगेत घालून गावी न्यायचा विचार असेल तर १८७८ चा निखात निधी कायदा आठवा: जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. गडकिल्ल्यांवर तर ते बाहेरही काढू नका.

जागा हेरणं

नवखा माणूस मैदानाच्या मधोमध सुरू करतो आणि संध्याकाळपर्यंत ॲल्युमिनियमचे तुकडे गोळा करतो. मीही केले. गर्दी होती तिथे नाणी असतातच असं नाही. माणसाने खिशात हात घातला किंवा बूड टेकलं, तिथे ती असतात. तिकिटाची खिडकी, खाण्याच्या ठेल्यांपुढची पट्टी, शर्यतीच्या ट्रॅकलगतचा उतार, जुन्या झाडाची सावली. लाकडी ग्रँडस्टँडच्या फळ्यांच्या फटींतून तर पिढ्यान्‌पिढ्या नाणी खाली गळली असणार.

अडचण अशी की तिकिटाची खिडकी आज जिथे आहे तिथे १९३० मध्ये नव्हती. म्हणून घरी बसून अभ्यास करा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे जुने नकाशे फुकट पाहता येतात. त्यात गावाची एकेक इमारत काढलेली असते, नशीब असेल तर फेअरचं मैदानही. स्थानिक इतिहास मंडळाकडचे फोटो आणि जुनी हवाई छायाचित्रंही पाहा. आणि मैदानाच्या म्हाताऱ्या केअरटेकरशी गप्पा मारा.

यंत्राची ओळख

महागडं यंत्र नको. साधं, सापडलेल्या धातूप्रमाणे वेगळा आकडा दाखवणारं नाणीशोधक यंत्र पुरतं. पण सोबत लहान कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची जमिनीवरून फिरवायची चकती, घ्या. फेअरच्या मैदानात कचरा इतका दाट असतो की मोठ्या कॉइलखाली एकाच वेळी चार वस्तू येतात आणि नाणं खिळ्याआड लपतं. हातात धरायचा पिनपॉइंटरही हवाच, खड्ड्यात नाणं नेमकं कुठे आहे ते दाखवणारा छोटा डिटेक्टर.

पहिल्या दिवशी मैदानात जाऊच नका. लाकडी टेबलावर एकेक नाणं ठेवून कॉइल फिरवा आणि यंत्र कोणता आकडा देतं ते वहीत लिहा. १९६४ पर्यंतच्या डाइममध्ये (दहा सेंट) आणि क्वार्टरमध्ये (पंचवीस सेंट) ९० टक्के चांदी असते, तेव्हा नाण्यांच्या दुकानातून चांदीचं एक डाइम या चाचणीसाठी विकत आणा. १९८२ मध्ये पेनी, म्हणजे एका सेंटचं नाणं, तांब्याची जस्ताची झाली, म्हणून दोन्ही तऱ्हेच्या पेन्या तपासा. प्रत्येक यंत्राचे आकडे वेगळे, त्यामुळे दुसऱ्याची वही तुमच्या कामाची नाही.

खरी डोकेदुखी पाच सेंटांचं निकेल. त्याचा आकडा नेमका पुलटॅबच्या, म्हणजे पेयाच्या डब्याच्या तोडून फेकायच्या कडीच्या, आसपास येतो. ही कडी १९६० च्या दशकात रूढ करणारा अर्मल फ्रेझ ओहायोतल्याच डेटनचा. दर शनिवारी त्याची आठवण निघते. तरी यंत्रात त्या आकड्याचा आवाज सरसकट बंद करू नका, नाहीतर १९१३ ते १९३८ ची, मागे रानगवा असलेली बफेलो निकेलं कायमची जमिनीतच राहतील.

खणणं

पाऊस पडून एक दिवस झाला की जमीन मऊ असते आणि खोलवरचा आवाजही नीट येतो. कॉइल जमिनीला समांतर ठेवून हळू फिरवा, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवा. आवाज आला की नव्वद अंशांत वळून पुन्हा फिरवा. दोन्ही बाजूंनी तोच गोल, स्वच्छ सूर आला तर खणा. एका बाजूने तुटक आला तर बहुधा लोखंड.

खुरप्याने घोड्याच्या नालेसारखा काप घ्या, तीन बाजू कापायच्या आणि चौथी गवताच्या मुळांना धरून ठेवायची. हे झाकण उलटवा. आतली माती शेजारी पसरलेल्या जुन्या टॉवेलवर काढा. पिनपॉइंटरने आधी झाकणाची खालची बाजू तपासा, नाणं पुष्कळदा तिथेच चिकटलेलं असतं. काम झालं की टॉवेलवरची माती आत ओता, झाकण बसवा, पायाने दाबा. त्याआधी रिकाम्या खड्ड्यावरून कॉइल एकदा फिरवा, कारण एक नाणं सांडतं तेव्हा दुसरंही सांडलेलं असू शकतं.

माझं पहिलं मर्क्युरी डाइम मी घाईत खुरपलं. काळ्या मातीत पांढरी कड चमकली, चांदी मातीतून अशीच लख्ख निघते, आणि नाण्यावरच्या बाईच्या गालावर आडवा ओरखडा. (ती मर्क्युरी देवता नव्हेच, पंखांची टोपी घातलेली लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्यदेवी, आहे, पण नाव पडलं ते पडलं.) तेव्हापासून शेवटची दोन बोटं माती हातानेच काढतो.

घरी आल्यावर

आईला फोटो पाठवला तर तिचं पहिलं वाक्य, "चिंच लाव, नाहीतर पितांबरी." दोन्ही नको. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते आणि ते परत पूर्वीसारखं होत नाही. चांदीचं नाणं डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, वाहत्या पाण्याखाली धरा, टिपून कोरडं करा. तांब्याच्या पेनीवरची माती भिजवून लाकडी टूथपिकने हळू सोडवा.

मग भिंग घ्या. पेनीच्या मागे गव्हाच्या दोन लोंब्या असतील तर ती १९०९ ते १९५८ मधली. मर्क्युरी डाइमच्या मागे खाली टांकसाळीची बारीक खूण शोधा. १९१६ साल आणि डेन्व्हरचा 'डी' एकत्र दिसला तर खुर्चीत नीट बसून घ्या, तशी फक्त २,६४,००० पाडली होती.

प्रत्येक नाणं कागदी पाकिटात घाला, वर तारीख लिहा, आणि मैदानाच्या नकाशावर ठिपका द्या. हा ठिपका मी पहिल्या वर्षी आळसाने टाळला. दुसऱ्या वर्षी दिले, तर ऑक्टोबरपर्यंत गव्हाच्या पेन्यांची एक सरळ ओळ उमटली, गुरांच्या गोठ्यामागे, जिथे आज नुसतं गवत आहे. यंदा बर्फ वितळलं की सुरुवात तिथूनच.