बिल्ल्याला भुलू नका: जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेताना हमखास होणाऱ्या चुका

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी फोटो पाठवतं. "दादा, ही कशी वाटते?" चकचकीत गाडी, तिरप्या कोनातून काढलेली, मागे सूर्यास्त. खालच्या बाजूचा फोटो नाही, बॉनेट उघडलेलं नाही, कागदांचा पत्ता नाही. मी विचारतो, "कागद बघितलेस का?" उत्तर येतं, "ॲडव्हान्स दिलाय."

मग मला कशाला विचारतोस, बाबा?

योकोहामाच्या बाजूला राहून मला १९ वर्षं झाली. आठवडाभर पंपांची डिझाइनं काढतो आणि रविवारी गाडीखाली आडवा असतो. स्वतः दोनदा नीट फसलोय, दुसऱ्यांना फसताना तर किती वेळा पाहिलं ते मोजणं सोडून दिलंय. त्यातल्या त्याच त्या चुका इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसता हा मजकूर पाठवता येईल.

बिल्ला वाचता, कोड वाचत नाही

जपानी गाडीची कुंडली तिच्या मॉडेल कोडमध्ये असते. इंजिनरूममध्ये धातूची एक छोटी पट्टी असते आणि पत्र्यात ठोकलेला चासी नंबर असतो. या दोन गोष्टी सोडून बाकी सगळं बाजारात विकत मिळतं.

'हाकोसुका'चंच घ्या. हाको म्हणजे खोका, आणि सुका हे निस्सानच्या स्कायलाइन या गाडीचं लाडकं नाव. हिची सगळ्यात वरची आवृत्ती जीटी-आर. चार दारांची, म्हणजे पीजीसी१०, फेब्रुवारी १९६९ मध्ये आली. दोन दारांची केपीजीसी१० ऑक्टोबर १९७० मध्ये. पहिलीच्या ८३२ गाड्या बनल्या, दुसरीच्या १,१९७. पुढच्या पिढीतली 'केनमेरी' जीटी-आर तर अवघी १९७. खऱ्या हाकोसुका जीटी-आरच्या बॉनेटखाली एस२० इंजिन असतं: १,९८९ सीसी, सहा सिलिंडर, दोन कॅमशाफ्ट, २४ व्हॉल्व्ह, १६० अश्वशक्ती. निस्सानमध्ये विलीन झालेल्या प्रिन्स कंपनीच्या आर३८० या रेसिंग गाडीच्या इंजिनाचं हे रक्त. साधी स्कायलाइन २०००जीटी हार्डटॉप मात्र केजीसी१०, एकाच कॅमशाफ्टच्या एल२० इंजिनाची. लांबून दोघी सख्ख्या बहिणी. जाळी, बिल्ला, मागचे काळे फेंडर, स्टिअरिंग, सगळं नव्यानं बनवलेलं मिळतं. कोडमधला तो 'पी' मिळत नाही.

केजीसी१० वाईट आहे असं मी म्हणत नाही. एल२८ इंजिन आणि तीन सोलेक्स कार्ब्युरेटर टाकलेली केजीसी१० चालवून बघा, दोन दिवस झोप लागणार नाही. पण तिची किंमत वेगळी आणि जीटी-आरची वेगळी.

आपल्याकडे ज्यांनी राजदूत ३५० पाळलीय त्यांना हे लगेच कळेल. कमी टॉर्कच्या एलटी गाडीला जास्त टॉर्कची एचटी म्हणून खपवणारे जसे गल्लोगल्ली भेटतात, तसंच इथे एई८५ आणि एई८६ चं आहे. १९८३ ते १९८७ मधल्या या टोयोटाच्या कोरोला लेविन आणि स्प्रिंटर ट्रुएनो. एई८६, म्हणजे लोकांची 'हाचिरोकु', तिच्यात १,५८७ सीसीचं ट्विनकॅम ४ए-जीई, १३० अश्वशक्ती. एई८५ मध्ये साधं कार्ब्युरेटरवालं ३ए इंजिन, ८३ अश्वशक्ती. बॉडी जवळपास तीच. एका कॉमिकनं एई८६ ला देवत्व बहाल केलं आणि बिचाऱ्या ८५ चा जन्म ८६ चं सोंग घेण्यात गेला.

पुण्याचा एक मुलगा, टोकियोत सॉफ्टवेअरमध्ये. बोनस जमा झाला आणि त्यानं आठ दिवसांत इबाराकीतल्या एका विक्रेत्याकडून काळी-पांढरी ट्रुएनो उचलली. रविवारी दाखवायला घेऊन आला, सोबत पेढे. मी पेढा हातात घेतला आणि म्हटलं, आधी बॉनेट उघड. इंजिन खरोखर ४ए-जीई, आवाजही छान. पट्टीवर एई८५. मागे वाकून बघितलं तर ड्रम ब्रेक. खाली सरकलो तर डिफरन्शियल लहान, गिअरबॉक्सही मूळचाच, ८३ अश्वशक्तीसाठी बनवलेला.

"पण दादा, इंजिन तर तेच आहे ना?"

मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून त्याचा शाकेनचा कागद काढला. शाकेन म्हणजे इथली दर दोन वर्षांची सरकारी तपासणी. मॉडेलच्या रकान्यात एई८५ आणि पुढे 'काई' हे अक्षर, म्हणजे बदल केलेली गाडी. सगळं कायदेशीर, सगळं नोंदवलेलं. जाहिरात पुन्हा उघडून बघितली, तिच्यातही खोटं काही नव्हतं. लिहिलं होतं 'हाचिरोकु शियो'. शियो म्हणजे त्या धर्तीची केलेली. फोनमधल्या भाषांतरानं त्याचं '८६ स्पेक' केलं, आणि यानं एई८६ चे पैसे मोजले.

जपानी वाचता येत नाही ही सबब मला सांगू नका. मॉडेल कोड त्या कागदावर रोमन अक्षरांतच छापलेला असतो. कागद आठ दिवस त्याच्या गाडीतच होता.

माझी सवय साधी आहे. तीन फोटो आधी मागतो: शाकेनचा कागद, मॉडेलची पट्टी, पत्र्यातला नंबर. गाडी नोंदणीतून तात्पुरती काढलेली असेल तर त्याचा दाखला. हे तीन येईपर्यंत बाकीचे चाळीस फोटो मी उघडतसुद्धा नाही. पट्टीचे रिव्हेट नवे दिसले किंवा नंबराभोवती ग्राइंडर फिरल्याच्या खुणा दिसल्या, की चहा पिऊन घरी परत.

(मुलगा अजून तीच गाडी चालवतो. खूश आहे. गिअरबॉक्स दोनदा उतरवलाय.)

रंग बघता, पत्रा बघत नाही

हा माझा स्वतःचा पराक्रम. सात-आठ वर्षांपूर्वी निइगाता भागात निस्सानची एक फेअरलेडी झेड बघायला गेलो. एस३० पिढीची, १९७४ ची, ताजा नारिंगी रंग. विक्रेता आजोबांच्या वयाचा, अतिशय सभ्य. त्यानं नाशपाती कापून दिली. सप्टेंबरचं ऊन, गाडी नुकतीच धुतलेली. चाळीस मिनिटांत व्यवहार ठरला. गाडीखाली वाकलो होतो, पण तिथे सगळीकडे सुंदर काळा अंडरकोट, म्हणजे गंजापासून वाचवणारा लेप, दिसला आणि मला वाटलं, वा, काय निगा राखलीय!

पन्नाशीच्या गाडीच्या पोटाखाली ताजा काळा अंडरकोट ही निगा नसते, तो बुरखा असतो. घरी येऊन गालिचे उचलले, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत गेलो. ड्रायव्हरच्या पायाखालच्या, सांगाड्याच्या रेलवर टणटण आवाज यायच्या ऐवजी थपथप. अंडरकोट खरवडला तर खाली फायबरग्लास, त्याखाली गंज, आणि त्याखाली जमीन दिसली. वरून कीर्तन, आतून तमाशा. दोन्ही रेल, बॅटरीखालचा ट्रे, मागच्या दाराची खालची चौकट, दरवाज्यामागचा फेंडरचा कोपरा, सगळं कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागला. पत्र्याच्या कामाचं बिल गाडीच्या किमतीच्या पुढे गेलं. बायकोला खरा आकडा आजही माहीत नाही, आणि ती हे वाचणार नाही अशी आशा आहे.

मला आधीच समजायला हवं होतं. निइगातासकट जपान समुद्राकडची सगळी बाजू, तोहोकु, होक्काइदो, हा सगळा बर्फाचा मुलूख. हिवाळ्यात रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात आणि ते गाडीच्या पोटात जाऊन बसतं. आता मी गाडी कुठली आहे यापेक्षा तिनं हिवाळे कुठे काढले ते विचारतो. शाकेनच्या जुन्या पावत्या असतील तर त्यावर कुठल्या गावच्या गॅरेजचा शिक्का आहे ते बघतो.

सोबत फडक्यात गुंडाळलेलं फ्रिजवरचं लोहचुंबक, पेन टॉर्च, छोटा आरसा आणि गुडघ्याखाली घ्यायला जुना टॉवेल. चुंबक जिथे पकडत नाही तिथे पुट्टी. ओली गाडी कधीच बघायची नाही, पाण्याखाली सगळे रंग सुंदर दिसतात. आणि विक्रेत्यानं कापून दिलेलं फळ गाडीखालून बाहेर आल्यावरच खायचं.

हाकोसुकाच्या बाबतीत अजून एक. मागच्या चाकावरून जाणारी जी उठावाची रेघ आहे, तिला इथले लोक सर्फ लाइन म्हणतात. जीटी-आरसारखे फेंडर लावायच्या हौसेपायी कित्येकांनी ती कापली. आज न कापलेली साधी गाडी शोधत लोक फिरतात.

लिलावाचा ग्रेड म्हणजे परीक्षेचे मार्क नाहीत

इथल्या वापरलेल्या गाड्यांच्या लिलावात प्रत्येक गाडीचा तपासणी तक्ता असतो. त्यात ४.५, ४, ३.५ असे ग्रेड आणि आकृतीवर अक्षरं: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्त केल्याची लाट, एस म्हणजे गंज, डबल एक्स म्हणजे बदललेला भाग. लोक ग्रेड वाचतात, आकृती वाचत नाहीत. 'शूफुकु-रेकी नाही' याचा अर्थ सांगाड्याच्या भागांत दुरुस्तीची नोंद नाही, एवढाच. गाडी गंजलेली नाही असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. आणि जुन्या गाडीचा पाच आकडी मीटर लाखानंतर शून्यावर येतो, तेव्हा '३८ हजार किलोमीटर' वाचून आनंदाश्रू ढाळू नका.

सीलबंद जुना रबर

मूळ भागांच्या वेडात होणारी ही सगळ्यात धोकादायक चूक. कंपनीच्या मूळ डब्यातला, कधीही न उघडलेला ब्रेकच्या रबरांचा संच मिळाला की नवशिक्यांचे डोळे भरून येतात. माझेही आले होते. १९७० च्या दशकातला संच मास्टर सिलिंडरला लावला. पंधरा दिवसांनी सिग्नलला पाय ठेवला तर पेडल हळूहळू खाली बसत गेलं. समोर शाळेची बस होती. हँडब्रेकनं वाचलो.

रबर डब्यातही म्हातारा होतो. काच, क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांची लेन्स, लोखंडी भाग जुन्या साठ्यातले जरूर घ्या. ब्रेकचे कप, होज, इंधनाच्या नळ्या, सील मात्र आज बनलेलेच. तो रिकामा डबा माझ्या कपाटात शोभेला आहे, तिथेच तो बरा.

आणि 'दुर्मिळ' भागासाठी तिप्पट पैसे मोजायच्या आधी पार्ट नंबर घेऊन कंपनीच्या साध्या शोरूमच्या काउंटरवर जा. निस्सान २०१७ पासून आर३२ जीटी-आरचे (स्कायलाइनच्या नंतरच्या पिढीतली जीटी-आर) बंद झालेले काही भाग पुन्हा बनवते आहे. टोयोटानंही आपल्या २०००जीटी (स्कायलाइन २०००जीटीहून वेगळी गाडी), सुप्रा आणि एई८६ चे काही भाग पुन्हा काढलेत. तिथला माणूस नंबर टाकतो आणि एक तर किंमत सांगतो, नाही तर 'सेइहाई' म्हणतो, म्हणजे उत्पादन बंद. हे ऐकल्यावरच तिप्पट भावाचा विचार करायचा.

किंमत: बातमीवरून ठरवू नका

२०१३ मध्ये अमेरिकेत एक टोयोटा २०००जीटी ११.५५ लाख डॉलरला गेली. त्या गाडीचे एकूण ३५१ नग बनले. या बातमीनंतर टोयोटाचीच साधी सेलिका विकणाऱ्यांनीही भाव चढवले, त्याला इलाज नाही. जाहिरातीतली किंमत ही विक्रेत्याची इच्छा असते. गाडी कितीला गेली आणि किती महिने पडून होती, ते बघायचं. मी आवडलेल्या गाड्यांच्या किमती वहीत लिहितो आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहतो. तरुण मंडळींना तीन महिने म्हणजे एक जन्म वाटतो, पण तेवढ्यात किंमत आपोआप खाली आलेली मी अनेकदा पाहिलीय.

आर३२ आणि तिच्या नंतरची आर३४, या जीटी-आरची गोष्ट निराळी. अमेरिकेत २५ वर्षं पूर्ण झालेली गाडी तिथल्या सुरक्षा नियमांतून सुटते, तीही बनल्याचा महिना धरून. ऑगस्ट १९८९ ची आर३२ जीटी-आर २०१४ मध्ये सुटली आणि जपानमधल्या गाड्या भराभर जहाजावर चढल्या. १९९९ ची आर३४ सुटली २०२४ मध्ये. म्हणजे शेजारच्या आजोबांच्या गाडीचा भाव आता अमेरिकेत ठरतो.

थोडक्यात उरलेलं: शाकेन संपलेली गाडी रस्त्यावर चालवून बघता येत नाही, त्यासाठी नगरपालिकेतून तात्पुरता नंबर काढावा लागतो. १३ वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला कर जास्त, हिशोबात धरा. भारतात नेण्याचं स्वप्न असेल तर आधी आयातीचे नियम वाचा. तीन वर्षांपेक्षा जुनी साधी वापरलेली गाडी आणता येत नाही, आणि व्हिंटेजचे नियम वेगळे आहेत. हे मला विचारू नका, कस्टम एजंटला विचारा.

'मूळ भाग आहेत का?' हे विचारत नाही

एवढा एक प्रश्न विचारायला लोक का लाजतात ते मला कळलेलं नाही. आधीच्या मालकानं एक्झॉस्ट, एअरबॉक्स, स्टिअरिंग, चाकं बदललेली असतात, आणि काढलेलं सामान बऱ्याचदा त्याच्याच शेडमध्ये पडलेलं असतं. त्याच्या लेखी तो कचरा. आर३२ जीटी-आरची मूळ १६ इंची चाकं एकानं मला गाडीबरोबर फुकट दिली, वर जागा मोकळी केली म्हणून आभारही मानले.

गेल्या वर्षी चिबात एका घरी गेलो. वडील वारले होते आणि मुलगा त्यांची आर३२ विकत होता. गाडी मी घेतली नाही, बजेटबाहेर होती. निघताना सवयीनं विचारलं, तर तो माळ्यावरून एक खोका घेऊन आला. आत पेनानं नीट नावं लिहिलेल्या पिशव्या: मूळ बोल्ट, गिअर नॉब, फ्लोअर मॅट. तळाशी कंपनीचा कॅसेट प्लेअर, आणि त्यात कॅसेट अडकलेली. मुलानं खोका परत उचलला आणि म्हणाला, हा गाडीबरोबरच जाईल, पण कॅसेट मी ठेवून घेतो.