परदेशात एमबीबीएस, भारतात परवाना: या चुका टाळा

ग्रामीण भागात एमबीबीएस डॉक्टरांच्या जागा रिकाम्या असतात आणि त्याच वेळी परदेशातून शिकून आलेले कितीतरी तरुण परवान्याअभावी घरी बसून असतात. दोष बहुधा एफएमजीई या, परदेशात शिकलेल्या डॉक्टरांच्या पात्रता परीक्षेवर जातो. परीक्षा अवघड आहेच, पण ती वर्षातून दोनदा होते आणि नापास झालं तरी पुन्हा बसता येतं. प्रवेश घेतानाच नियम मोडला गेला असेल तर मात्र पाच-सहा वर्षांनी तो दुरुस्त करता येत नाही.

फी भरण्याआधी

१८ नोव्हेंबर २०२१ नंतर परदेशात प्रवेश घेतलेल्यांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे (एनएमसी) नवे नियम लागू आहेत. नीट-यूजी पात्रता हवीच. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा. त्याच संस्थेत १२ महिने इंटर्नशिप, भारतात परतल्यावर आणखी १२ महिने, आणि हे सगळं प्रवेशापासून १० वर्षांच्या आत पूर्ण व्हायला हवं.

एजंट 'सहा वर्षांचा कोर्स' म्हणतो तेव्हा त्यात भाषेचं किंवा पूर्वतयारीचं वर्ष मिसळलेलं असू शकतं. फिलिपिन्समध्ये नेमकं हेच झालं. तिथे आधी बीएस (विज्ञानाची पदवी) आणि मग चार वर्षांची एमडी (तिथली मूळ वैद्यकीय पदवी) अशी रचना आहे. बीएस वैद्यकीय शिक्षणात धरलं जात नाही आणि एमडीचे भरतात ४८ महिने. म्हणून विद्यापीठाकडून सत्रवार अभ्यासक्रम लेखी मागवा आणि महिने स्वतः मोजा.

सर्वांत दुर्लक्षित अट वेगळीच आहे. त्या देशात तिथल्या नागरिकाला जसा प्रॅक्टिसचा परवाना मिळतो, तसाच तुम्हालाही मिळू शकला पाहिजे. काही देश परकीय विद्यार्थ्यांना पदवी देतात, परवाना देत नाहीत. विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर विसंबू नका, तिथल्या वैद्यक नियामकाला ईमेल करून उत्तर जपून ठेवा.

फी कमी पडते म्हणून मधेच विद्यापीठ बदलणं हीसुद्धा घातक चूक. पूर्ण शिक्षण एकाच संस्थेत व्हावं असा नियम आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये युक्रेनच्या विद्यार्थ्यांना दिलेली सवलत युद्धामुळे होती, तिचा आधार इतरांना नाही.

कोविड किंवा युद्धकाळात ऑनलाइन वर्ग झाले असतील, तर ते नंतर प्रत्यक्ष भरून काढल्याचं पत्र तारखांसह विद्यापीठाकडून घ्या. ते नसेल तर वाढीव इंटर्नशिप वाट्याला येऊ शकते.

नाव जुळत नाही

फाइल अडकण्याचं हे नेहमीचं कारण. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात असतं. त्यात रशियन लिपीत 'ह' नाही, त्यामुळे महेशचा 'माखेश' होऊन परत इंग्रजीत येतो. पदवीवर असं नाव छापलं गेलं की प्रतिज्ञापत्रावर दर वेळी भागतंच असं नाही. देश सोडण्याआधी पदवी, गुणपत्रक आणि इंटर्नशिप प्रमाणपत्र पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा आणि चूक तिथेच दुरुस्त करून घ्या. भारतातून पत्रव्यवहार करत बसलात तर एखादं सत्र हातचं जातं.

कागदपत्रांवर त्या देशाचं अपोस्टिल (कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का) किंवा भारतीय दूतावासाचं साक्षांकन लागतं. मूळ कागद इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतरही हवं.

तयारीचा तोल

एफएमजीईत ३०० प्रश्न असतात, १५०-१५० चे दोन भाग, प्रत्येकी १५० मिनिटं. उत्तीर्ण व्हायला १५० गुण लागतात. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, तरीही लोक प्रश्न कोरे सोडतात. तसं करू नका.

अनेक जण पहिले महिने अॅनाटमीत घालवतात. तिचे प्रश्न १७ च्या आसपास. पीएसएमचे (सामाजिक व प्रतिबंधात्मक वैद्यक) ३०, स्त्रीरोग व प्रसूतीचे ३०, मेडिसिनचे ३३ आणि सर्जरीचे ३२. यांतल्या पीएसएमवर आमचा विशेष भर आहे, कारण परदेशी विद्यापीठात भारताचं लसीकरण वेळापत्रक, क्षयरोग कार्यक्रम किंवा आशा सेविकेचं काम शिकवलं जात नाही. विषय पाठांतराने आवाक्यात येतो, आणि पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात रोज लागणारं ज्ञानही हेच आहे. सर्पदंश आणि कीटकनाशकांची विषबाधा थंड देशातल्या वॉर्डात क्वचितच दिसते, तीही वेगळी वाचा.

पास झाल्यावर

पास प्रमाणपत्र मूळ कागदपत्रं आणि ओळख पडताळल्यावरच मिळतं, तेव्हा मूळ प्रती कुठेही गहाण किंवा जमा ठेवू नका. त्यानंतर राज्याच्या वैद्यक परिषदेत तात्पुरती नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आहे. नोंदणीआधी सुरू केलेली इंटर्नशिप धरली जात नाही.

इंटर्नशिपसाठी कॉलेजने पैसे मागितले तर देऊ नका. एनएमसीच्या ४ मार्च २०२२ च्या परिपत्रकात शुल्क घेण्यास मनाई आहे आणि विद्यावेतन भारतीय पदवीधरांइतकंच द्यावं असं म्हटलं आहे. त्याच परिपत्रकाने परदेशी पदवीधरांसाठी कॉलेजच्या जागांच्या ७.५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. त्यामुळे एकाच शहराचा हट्ट धरला तर ताटकळावं लागतं. पसंतीक्रमात जिल्ह्याची कॉलेजंही भरा.

आणि तात्पुरती नोंदणी फक्त इंटर्नशिपपुरती असते. तिच्या जोरावर खासगी रुग्णालयात रात्रपाळीचा ड्यूटी डॉक्टर म्हणून काम करणं म्हणजे नोंदणीविना प्रॅक्टिस. एनएमसी कायदा २०१९ च्या कलम ३४ नुसार त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.